चढणीचे दिवस सोडून

गळानं मासे धरणाऱ्याला सामान फार लागत नाही. वेळूची सरळ काठी, काठीपेक्षा हातभर लांब तंगूस, गळ, गळाच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा बारीक तुकडा आणि पाण्यावर तरंगायला भेंड. हे भेंड मी विकत घेत नाही. ज्वारीचं वाळलेलं धांड घ्यावं, नखानं साल काढावी, आतला पांढरा हलका गाभा बोटभर कापून तंगुसाला बसवावा. दुकानात रंगीत प्लास्टिकचे तरंगे मिळतात आणि ते टिकतातही, पण मासा नुसतं तोंड लावून गेला तरी भेंड हलतं. प्लास्टिक एवढ्याशानं जागचं ढळत नाही. भेंड पाणी पिऊन जड होतं, म्हणून चार-पाच तुकडे खिशात ठेवायचे. हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन आल्यापासून ज्वारीचा पेरा आटला आणि आता भेंडासाठीसुद्धा कडब्याची गंजी शोधावी लागते.

माझा गळ वर्षात पहिल्यांदा पाण्यात पडतो तो कार्तिकी एकादशी झाल्यावर. आमच्या घरात माळ आहे. संत नामदेवांचं नर्सी गाव कयाधूच्या काठी, हिंगोलीपासून जवळच. इकडे घरटी एखादा तरी माळकरी निघतोच. आई माळकरी असल्यामुळे मासा स्वयंपाकघरात कधी आला नाही. अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगडांची चूल, वेगळा तवा, वेगळी पातेली, आणि खाणाऱ्यांनीच घासून पालथी घालायची. चातुर्मासात ती चूलही बंद. आईनं कधी मला नदीवर जाऊ नको म्हटलं नाही, पण आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी ती काठी ओसरीच्या आढ्याला बांधून ठेवायची आणि कार्तिकीचं पारणं फिटल्याशिवाय सोडायची नाही. लहानपणी ते चार महिने जाता जात नसत. त्या चार महिन्यांत नदीच्या पोटात काय चाललेलं असतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

कार्तिकातला दिवस तीन पाण्यांवर घालवावा. सकाळ कयाधूवर, दुपार सिद्धेश्वरच्या तलावावर आणि दिवस कलल्यावर वसमतच्या वाटेवर कॅनॉलच्या कडेला. तिन्ही पाणी एकाच जिल्ह्यातलं असलं तरी स्वभाव निराळे. वाटाही निराळ्या. कयाधू वाशिम जिल्ह्यातून येते, हिंगोली शहराजवळून पुढे कळमनुरी तालुक्यातून जाऊन पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेत, वर्धा प्राणहितेत आणि प्राणहिता थेट सिरोंचाजवळ गोदावरीत. सिद्धेश्वरची पूर्णा मात्र नांदेडच्या अलीकडेच गोदावरीला मिळून मोकळी होते. म्हणजे औंढ्याच्या डोंगराच्या दोन अंगांना पडलेलं पावसाचं पाणी शेकडो मैल वेगवेगळं फिरून एकाच नदीत भेटतं. काठावर रिकामा बसलेला माणूस असल्या गोष्टींचा विचार करतो, आणि त्यासाठी तरी रिकामं बसायला हवं.

सकाळी कयाधूचं पाणी गार आणि नितळ असतं. पूर ओसरलेला, वाळूचा तळ दिसतो, डोहात कमरेइतकं पाणी. इथं आमिष एकच, गांडूळ. उकिरड्याच्या ओल्या कडेला कुदळीनं एक ढेकूळ उलटलं की दिवसाची सोय होते. नदीत मोठ्या माशाची आशा धरू नये. बारीक मुरी, दगडाच्या कपारीतली वांब, कधी मिशाळ शिंगाडा. शिंगाडा गळावरून सोडवताना त्याच्या पाठीवरच्या काट्याकडे लक्ष हवं. तो बोटात घुसला की हात दुपारपर्यंत ठणकतो. वांब गळ गिळून कपारीत शेपूट अडकवते आणि तंगूस ओढला तर तुटतो. तिच्याशी ओढाओढ करायची नसते. तंगूस सैल सोडून थांबलं की ती आपणहून बाहेर सरकते.

कयाधूतला खरा मासा म्हणजे मरळ. काळपट पाठ, सापासारखं डोकं, अंगावर वंगाळ चिकट बुळबुळ. मरळ पाण्यात असूनही हवेवर जगते. थोड्या थोड्या वेळानं वर येऊन तोंडानं हवा घेते, म्हणून पाणी आटून चिखल झाला तरी ती तगून राहते. निजामाच्या हैदराबादशी आपला मराठवाडा जोडलेला होता तेव्हापासून इकडची दम्याची माणसं मृगाला हैदराबादला जात आली आहेत. तिथं औषध भरलेलं मरळीचं जिवंत पिल्लू गिळायला देतात. त्या औषधानं किती जणांचा दमा गेला याची मला खात्री देता येणार नाही, पण त्यासाठी निवडलेला मासा चिवट आहे यात शंका नाही.

मरळीचं एक दृश्य मी पावसाळ्यात पाहिलं. त्या दिवशी काठी घरीच होती, मी नुसता पाणी बघायला गेलो होतो. लव्हाळ्याच्या आडोशाला, संथ पाण्यावर, परातीएवढा भाग लालसर होऊन हलत होता. जवळ जाऊन वाकलो तर ती मरळीची पिल्लं, बोटाच्या पेराएवढी, शेंदरी रंगाची, शेकड्यांनी. सगळी एकदम वर यायची, हवा घ्यायची, एकदम खाली जायची. त्यांच्या खाली दोन काळ्या सावल्या, आई आणि बाप. एक बेडूक उडी मारून त्या घोळक्याजवळ पडला तशी एक सावली वर आली, पाणी फाटकन उसळलं आणि बेडूक दिसेनासा झाला. पुढे थोडा वेळ तिथं काहीच हललं नाही, मग शेंदरी घोळका पुन्हा वर आला.

हे जाणणारी माणसं अशा घोळक्यावरच गळाला बेडूक लावून टाकतात. मरळ त्यावर हमखास तुटून पडते. तिला भूक नसते, ती पिल्लं राखत असते. आई-बाप काठावर आले की पुढच्या तासाभरात बाकीचे मासे आणि बगळे पिल्लांचा फडशा पाडतात. या पद्धतीनं धरलेल्या मरळीत मला कसलंही कसब दिसत नाही. मासा भुलवणं वेगळं आणि आईच्या आईपणावर गळ टाकणं वेगळं. पहिल्यात माझं मन रमतं, दुसऱ्याला माझा विरोध आहे, आणि तो मी काठावर भेटेल त्याला सांगतो.

दुपारी सिद्धेश्वर. येलदरी धरणाच्या खाली पूर्णेवरच बांधलेला हा दुसरा तलाव. येलदरीचा उपयुक्त साठा 809.77 दशलक्ष घनमीटर, सिद्धेश्वरचा 80.96, म्हणजे वरचा मोठा रांजण आणि खालचा हात धुवायचा तांब्या. येलदरीला 22.5 मेगावॉटचं वीजघर आहे. तिथली जनित्रं फिरली की पाणी खाली येतं आणि सिद्धेश्वरची पातळी चढते. कॅनॉलला पाणी सुटलं की उतरते. गळवाल्यानं पाण्यावर नजर ठेवायची ती यासाठी. पाणी चढतीला असलं तर मासा नव्यानं बुडालेल्या गवतात चरायला काठाशी येतो, उतरतीला लागलं की खोलात सरकतो.

तलावाच्या मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो, म्हणून भोई मंडळींना विचारल्याशिवाय बसू नये. विचारलं की ती नाही म्हणत नाहीत, उलट जागा दाखवतात. असेच एक म्हातारे मामा थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं सोडत चालले होते. मला पाहून थांबले.

"इथं कामून बसलाव? पाणी उतराया लागलंय, दिसंना का?"

"मग कुठं बसू, मामा?"

"त्या बाभळीच्या खोडाकडं सरका. खोडापासून दोन हात खोल टाका. अन् गांडूळ नका लावू, रोहूला कणिक लागती."

तलावात आमिष पिठाचं. गव्हाची कणिक घट्ट मळून त्यात शेंगदाण्याची पेंड कुटून घालायची, चिमूटभर हळद घातली तर गोळा पाण्यात लवकर विरघळत नाही असं काही जण मानतात, मी घालतो. आधी पेंडीच्या मुठी पाण्यात टाकून जागा लावायची आणि मग अर्धा तास काही करायचं नाही. हा अर्धा तास ज्याला निभत नाही त्यानं जाळंच घ्यावं. मग तळातून बारीक बुडबुडे वर येऊ लागतात. तो मृगळ, तळ उकरत खाणारा. मधल्या पाण्यात रोहू, वरच्या थरात कटला. एकाच तलावात हे तिघं एकमेकांच्या ताटात हात न घालता जगतात, म्हणून तिघांचं बीज एकत्र सोडतात. रोहूचा घास ओळखावा लागतो. तिलापी भेंड टकाटक टिपते. रोहू आधी दोनदा हळूच दाबतो, सोडतो, आणि मग भेंड खाली न जाता आडवं चालायला लागतं. त्या आडव्या चालीला काठी उचलायची, आधीही नाही आणि नंतरही नाही.

हा रोहू मूळचा उत्तरेतल्या गंगेसारख्या नद्यांचा. तो साचलेल्या पाण्यात वाढतो, पण तिथं वीण घालत नाही. त्याला पावसाळी नदीचा पूर लागतो, वाहतं गढूळ पाणी लागतं. म्हणून पूर्वी नदीतून बीज गोळा करून ते दूरवर न्यावं लागे. 1957 साली 10 जुलैला हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात माशांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात वीण घडवली. आज 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात. सिद्धेश्वरला सोडलेली बोटुकली त्याच शोधाची लेकरं. तलावाचं पोट असं बाहेरून भरता येतं. कयाधूत मात्र कुणी बीज सोडत नाही, तिथं जे आहे ते नदीचं स्वतःचं.

कॅनॉलबद्दल थोडकंच सांगतो. रब्बीचं आवर्तन सुटलं की पाणी जोरात जातं आणि मासे पुलाच्या खांबामागे, पाणी जिथं वळसा घेतं तिथं दम धरून बसतात. गळ तिथंच टाकायचा. लागते ती बहुधा तिलापी. हा आफ्रिकेतला मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला आणि आता चारीपर्यंत पोचला आहे. मादी अंडी तोंडात सांभाळते, कुठल्याही पाण्यात वाढते, आणि गावच्या माशांची जागा खाते. तिलापी कितीही धरली तरी माझ्या मनाला लागत नाही. आजूबाजूला हळदीची पिवळी पडत चाललेली पानं, उसाचा वास, मोटारीचा आवाज. दिवस मावळेपर्यंत पोरंसोरं जमतात आणि प्रत्येकाला एकदा काठी धरायची असते. धरू द्यावी.

आता त्या चार महिन्यांकडे येतो. इंग्लंडात सामन-ट्राउट सोडून बाकीच्या नदी-तलावातल्या साध्या माशांसाठी गळ टाकणं हा मोठा छंद आहे. तिथले लोक मासा धरतात, बघतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. मी सोडत नाही, मला मासा खायला आवडतो. पण त्यांची एक गोष्ट मला मनापासून पटते. 1878 च्या कायद्यानं तिथं विणीचा हंगाम बंद ठेवला, आणि नद्यांवर आजही 15 मार्च ते 15 जून गळ टाकत नाहीत. ज्या 16 जूनला तिथले गळवाले काठी घेऊन बाहेर पडतात, त्याच सुमाराला आपल्याकडे मृगाचा पाऊस होतो आणि मासे विणीसाठी ओढ्या-नाल्यांतून वर चढू लागतात. त्यांचा हंगाम सुरू होतो तेव्हा आपला बंद व्हायला हवा. आईचा चातुर्मास नेमकं हेच करत होता. तिच्या मनात माशांची वीण नसेल, विठ्ठल असेल. नदीला त्यानं काही फरक पडत नाही.

पण चातुर्मासाच्या अलीकडे एक फट राहते. मृग जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो, आषाढी एकादशी बहुतेकदा त्यानंतर तीन ते सहा आठवड्यांनी येते, आणि नाल्याला पहिला पूर येतो तो या मधल्या दिवसांत. तेव्हा गावंच्या गावं चढणीच्या माशांवर तुटून पडतात. नळकांडी पुलाच्या तोंडाशी जाळं, बंधाऱ्याच्या सांडव्यावर मच्छरदाणीचं कापड. पोटात अंडी भरलेली मादी टोपल्यात जाते, आणि मच्छरदाणीतून तर सुटतच काही नाही. दुसरी फट वैशाखात. कयाधू आटून एखादा डोह उरतो, त्यात पुढच्या पावसाची सगळी पुंजी गोळा झालेली असते, आणि कुणीतरी मोटार लावून तो उपसतं किंवा विजेच्या तारेवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडतं. सुरुंग आणि विष घालून मासे मारणं 1897 च्या कायद्यानंच गुन्हा ठरवलं होतं. करंट त्याच जातीचा. अख्खा डोह पोट वर करून तरंगतो आणि त्यातले बारीक मासे कुणी उचलतही नाही.

ज्या भोई कुटुंबांचं पोट पाण्यावर आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही. जाळ्याचं भोक केवढं ठेवायचं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. मी बोलतोय ते आपल्यासारख्या हौशी माणसांशी, ज्यांच्या घरी त्या दिवशी मासा आला नाही तरी चूल पेटणार आहे. मृग लागला की पोळ्यापर्यंत काठी आढ्याला बांधा. पुलाखाली लावलेलं मच्छरदाणीचं कापड दिसलं तर ज्याचं आहे त्याला समजावून काढायला लावा. उन्हाळ्यातल्या शेवटच्या डोहावर मोटार बसू देऊ नका, ग्रामपंचायतीत तसा ठराव घ्या. आणि कार्तिकीनंतर एखाद्या सकाळी नर्सीच्या पुलाकडे या. गांडुळं मी आणतो, तुम्ही ज्वारीचं एक धांड घेऊन या.