पाय येण्याआधी

पाय कापलेल्या माणसाच्या गुडघ्याखाली उशी ठेवू नका. वॉर्डात मी हे जितक्या वेळा सांगितलं असेल, तितकं दुसरं काहीच सांगितलं नसेल. ऑपरेशन होऊन एक-दोन दिवस झालेले असतात, माणूस वेदनेने कळवळत असतो आणि आई किंवा बायको मायेपोटी उरलेल्या पायाखाली मऊ उशी सरकवते. त्याला तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण गुडघा वाकलेलाच राहतो, मागचे स्नायू आखडतात आणि पुढे कृत्रिम पायाचं माप द्यायची वेळ येते तेव्हा तो सरळ होत नाही. वाकलेल्या गुडघ्यावर पाय बसवला तरी चाल बिघडते, कंबर दुखते, दम लागतो. मग तो पाय माळ्यावर जातो. असे माळ्यावर गेलेले पाय मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच पायांत काहीही खोट नव्हती.

फिजिओथेरपी मी मुंबईत शिकले. तिथल्या सरकारी रुग्णालयात लोकलखाली पाय गेलेली तरुण मुलं यायची. सकाळी डबा घेऊन घरून निघालेला मुलगा संध्याकाळी एका पायाचा होऊन वॉर्डात असायचा. नंतर पश्चिम महाराष्ट्रात काम करायला लागले, तेव्हा रुग्ण बदलले. इथे मोटरसायकलचे अपघात आहेत, शेतातली यंत्रं आहेत, पण सगळ्यांत जास्त आहे ती साखर. मधुमेहाने तळव्याची संवेदना जाते. काटा रुततो, चपलेत खडा राहतो, तापलेल्या फरशीने चटका बसतो, पण माणसाला कळतच नाही. जखम दुखत नाही म्हणून दाखवली जात नाही. आधी हळद, मग गावातलं मलम, आणि बोट काळं पडल्यावर शहरातला दवाखाना. रक्तपुरवठा आधीच कमी, त्यात जंतुसंसर्ग. बोटापासून सुरू झालेलं दुखणं गुडघ्यापर्यंत येऊन थांबतं.

माझ्या कामाविषयी लोकांची एक समजूत आहे, की नवा पाय बसला की मी चालायला शिकवते. ते खरं आहे, पण तो कामाचा उत्तरार्ध झाला. पूर्वार्धात पाय नसतोच. तेव्हा पालथं झोपायला सांगायचं, म्हणजे खुब्याचा सांधा आखडत नाही. दंड आणि दुसऱ्या पायाची ताकद वाढवायची. आणि क्रेप बँडेज बांधायला शिकवायचं. उरलेल्या भागाला आम्ही सगळे, रुग्णसुद्धा, स्टंप म्हणतो. त्याच्यावर पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिरकी फिरवायची, टोकाला घट्ट आणि वर जाताना सैल. गोल गोल गुंडाळली तर वर आवळली जाते आणि खालचा भाग सुजतो. सूज उतरून स्टंपला नीट आकार आला नाही तर कृत्रिम पायाच्या खोबणीत, म्हणजे सॉकेटमध्ये, तो बसणार कसा? मी दोनदा बांधून दाखवते, मग सोडून त्यांच्या हातात देते. बहुतेकांना सुरुवातीला स्टंपकडे बघवत नाही. मान भिंतीकडे वळवून ते हात पुढे करतात. पट्टीच्या निमित्ताने का होईना, त्याला हात लावावा लागतो, टाका कुठे आहे ते बघावं लागतं. ज्या दिवशी माणूस आपली पट्टी स्वतः बांधतो, त्या दिवशी मला त्याची चिंता कमी होते.

याच काळात एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही, ती विचारावी लागते. गेलेला पाय दुखतो. बोटं मुडपल्यासारखी वाटतात, टाचेला खाज येते, रात्री तळव्यात सुई टोचते. तळवा तर नाही! ट्रॅक्टरच्या अपघातात पाय गेलेला एक गडी हे कितीतरी दिवस घरात बोलला नव्हता. आपलं डोकं फिरलं असं त्याला वाटत होतं, आणि बोललं तर घरचे बाहेरची बाधा समजून कुणाकडे तरी नेतील ही भीती. मी विचारल्यावर तो रडायलाच लागला. मेंदूत पायाचा नकाशा अजून शाबूत असतो, म्हणून असं होतं, हे त्याला आणि त्याच्या वडिलांना समोरासमोर बसवून सांगितलं. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात अशा वेदनेसाठी आरसा वापरून पाहिला. दोन पायांच्या मध्ये आरसा उभा करायचा, धडधाकट पाय हलवायचा आणि आरशात बघायचं. डोळ्यांना दोन्ही पाय दिसतात, मुडपलेली बोटं उघडल्यासारखी वाटतात. सगळ्यांना गुण येतो असं नाही. त्याला आला. आरसा साधा, कपाटाच्या दाराचा निघालेला होता.

पाय कोणता घ्यायचा, यावर घरात फार चर्चा होते. महाग तो चांगला, असं बहुतेकांना वाटतं. मी आधी विचारते, घरी जेवायला कुठे बसता? संडास कसला आहे? शेतात अनवाणी जाता का? जयपूर फूट 1968 साली याच प्रश्नांतून तयार झाला. डॉ. पी. के. सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचं असं पाऊल केलं, की बूट न घालता चालता येईल, उकिडवं बसता येईल, मांडी घालता येईल, चिखलात उतरता येईल. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव त्या मानाने फार कमी घेतलं जातं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी दोन्ही नावं सांगते. कारागिराच्या हाताशिवाय हे पाऊल झालं नसतं. पुण्यात सैनिकांसाठी 1944 पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, मुंबईत हाजी अलीला पुनर्वसनाची केंद्रीय संस्था आहे. म्हणजे विद्या आपल्याकडे नवी नाही. तालुक्यातल्या माणसापर्यंत ती वेळेवर पोचत नाही, याचं मला दुःख आहे. ऑपरेशनआधीच आम्हाला बोलावलं, रुग्णाशी दहा मिनिटं बोलू दिलं, तरी पुढचे कित्येक महिने वाचतात.

नातेवाईक धीर द्यायला नर्तकी सुधा चंद्रन यांचं नाव घेतात. 1981 च्या अपघातात त्यांचा पाय गेला आणि जयपूर फूट लावून त्या पुन्हा नाचल्या, 1986 मध्ये ‘नाचे मयूरी’ हा चित्रपट आला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मधल्या काळातला सराव कुणाला दिसत नाही. गुडघ्याखाली पाय गेलेल्याला चालायला साधारण पाव पट जास्त शक्ती लागते. गुडघ्याच्या वर गेला तर दीडपट, कधी त्याहूनही जास्त. शिवाय साध्या यांत्रिक गुडघ्यावर टाच टेकताना स्टंप सॉकेटमध्ये मागे रेटावा लागतो, नाहीतर गुडघा मोडून माणूस खाली येतो. हे रेटणं पॅरलल बारमध्ये उभं राहून पुन्हा पुन्हा घोटवावं लागतं. घामाने शर्ट भिजतो. तरण्या मुलांना वाटतं, पहिल्या दिवशी दारापर्यंत जाऊ. पहिल्या दिवशी मी फक्त वजन डावीकडून उजवीकडे घ्यायला लावते.

साखरेने पाय गेलेल्या एका मावशींना चालण्यात फारसा रसच नव्हता. त्या म्हणाल्या, “ताई, चालायचं बघू मागनं. मला खाली बसून भाकरी थापता आली पायजे. ओट्यावर माझी भाकरी फुगत न्हाई.” मग तेच शिकवलं. भिंतीला हात, चांगला पाय पुढे, कृत्रिम पाय मागे, हळूच एक हात जमिनीला, आणि बूड टेकवायचं. उठताना आधी हातापायांवर यायचं, चांगलं पाऊल पुढे रोवायचं आणि दोन्ही हातांनी मांडीवर जोर द्यायचा. पडलं तर कसं पडायचं तेही गादीवर करून घेतलं. सून बाजूला उभी होती, सारखी धरायला पुढे यायची. तिला मागे थांबवणं हाही माझ्या कामाचाच भाग. नंतर उंबरा, शेणाने सारवलेलं अंगण, एसटीची उंच पायरी. पायरीला चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम आधी.

मावशी आता दर दोन-तीन महिन्यांनी येतात. स्टंप बारीक होत जातो, सॉकेट सैल पडतं, मग एक मोजा वाढवायचा की सॉकेटच बदलायचं, हे कृत्रिम पाय बनवणाऱ्या प्रोस्थेटिस्टबरोबर बसून ठरवतो. पण आल्या आल्या मी त्यांना दुसरा पाय उघडा करायला सांगते. मधुमेहात तो जपणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण त्याच्यावरही तीच टांगती तलवार असते. सुनेला मी रोज रात्री बॅटरीच्या उजेडात तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या बघायला शिकवलं आहे. मागच्या खेपेला तिने करंगळीखालचा एक लाल डाग स्वतः हेरला होता. नव्या चपलेचा पट्टा घासत होता. चपला त्याच दिवशी बदलल्या.