नदीच्या वाट्याची जमीन

कोकणातल्या वडिलोपार्जित घराला दोन प्रकारचे वाटेकरी असतात. एक तिथे राहून ते सांभाळणारे आणि दुसरे पुण्या-मुंबईला राहून मे महिन्यात आंबे खायला जाणारे. मी दुसऱ्या प्रकारातला. सातबाऱ्यावर माझे नाव आहे, पण कोयता कधी हातात धरलेला नव्हता. म्हणूनच २०२१ सालच्या कार्तिकात 'भिंतीचं ठरवायचंय, येऊन जा' असा दादाचा फोन आला, तेव्हा मी उत्तर तयार ठेवूनच चिपळूणला गाडीतून उतरलो. भिंत बांधावी, उंच बांधावी आणि पैशाकडे पाहू नये, हे माझे उत्तर.

असे वाटायला कारणही तसेच होते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीने जे केले ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. तळमजलेच्या तळमजले पाण्याखाली गेले, दुकानांतला माल चिखलात कालवला गेला. आमचे घर शहराच्या वरच्या अंगाला, वाशिष्ठीला मिळणाऱ्या एका पऱ्ह्याच्या काठी आहे. त्या दिवशी या पऱ्ह्याने आमच्या अकरा पोफळी, पंपाच्या खोपटाची एक बाजू आणि काठाची बरीचशी माती नेली. घर आणि गोठा वाचला, एवढेच.

स्टेशनवरून निघालेली रिक्षा वाशिष्ठीच्या पुलावर आली. खाली भरपूर पाणी. या नदीला घाटमाथ्यावरून एक दत्तक पाणी मिळाले आहे. कोयना मूळची पूर्ववाहिनी, कृष्णेला मिळणारी. पण वीज करण्यासाठी तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून कोकणात उतरवले आहे. १९६२ साली पोफळीच्या वीजघरात ते चाकांवर पडू लागले आणि काम संपवून वाशिष्ठीत येऊ लागले. त्यामुळे कोकणातल्या इतर नद्या उन्हाळ्यात वाळून जातात तेव्हाही वाशिष्ठी वाहत असते. आमच्या पऱ्ह्याला असा कोणी धनी नाही. तो होळीपर्यंत कसाबसा वाहतो, मग त्याची धार तुटते आणि उरतात ते कोंड, म्हणजे खडकांतले खोल डोह. जून येईपर्यंत पऱ्ह्याचा सगळा संसार या कोंडांत दाटीवाटीने दिवस काढतो. आमच्या आगराखालचा कोंड त्यांतला सर्वांत खोल.

ठेकेदाराची योजना अशी होती, की यंत्राने पात्रातले धोंडे काढावेत, कोंड भरून पात्र सरळ करावे आणि त्याच धोंड्यांत सिमेंट घालून आमच्या काठाने भिंत उभी करावी. मला ती फार आवडली. एका दगडात दोन कामे!

"उद्या पहाटे उठशील?" दादाने विचारले. "मग सांग तुझं मत."

पहाटे धुके होते. आगरातून खाली उतरून आम्ही एका मोठ्या कातळावर बसलो. कातळावर ओलसर काहीतरी पडले होते, त्यात खवले आणि कुर्ल्यांच्या कवचांचे तुकडे. "ऊद," दादा हळूच म्हणाला. पुस्तकात ज्याला पाणमांजर म्हणतात तेच हे. थोड्या वेळाने कोंडाच्या वरच्या तोंडाशी शीळ घातल्यासारखा आवाज आला आणि पाण्यावर एक चपटे डोके उमटले, मग दुसरे, तिसरे. दोन मोठी आणि तीन पिल्ले. एकाने मासा धरून खडकावर आणला, बाकीची त्याच्याभोवती कलकलाट करू लागली. आमच्या घरी पाहुणे आले की सोलकढीभोवती होतो तसाच! पाच-सात मिनिटांत सारे कुटुंब उंबराच्या मुळांखालच्या अंधारात दिसेनासे झाले.

"भिंत बांधली की हे दार बंद," दादा म्हणाला. त्याने समोरचा काठ दाखवला. तिथल्या शेजाऱ्याने २००५ च्या पुरानंतर भिंत बांधली होती. भिंत शाबूत होती. पण तिच्यावर आपटलेले पाणी तिरके होऊन जिथे येत होते, तिथेच आमच्या पोफळी गेल्या होत्या. "आता आपण बांधली की पाणी खालच्या गुरववाडीवर जाईल. मग ते बांधतील. असं करत करत समुद्रापर्यंत भिंतच!"

मग तो मला काठाकाठाने घेऊन गेला. जिथे करंज, उंबर आणि वाळुंज उभे होते, तिथली माती जागेवर होती. पात्रातल्या धोंड्यांत शेरणीची झुडपे आडवी झाली होती, पण मुळांनी दगड घट्ट धरून पुन्हा पालवली होती. उभ्या मातीच्या दरडीत खंड्याचे बीळ होते. काठ उघडा होता तो फक्त आमच्याच आगराखाली, कारण चार पोफळी जास्त लागाव्यात म्हणून आमच्या वडिलांनी तिथली झाडी तोडली होती. हे ऐकल्यावर मला थोडा वेळ काही बोलता आले नाही. त्या पोफळींच्या सुपारीवर माझे कॉलेज झाले होते.

जेवताना वहिनींनी दुसरी बाजू मांडली, आणि ती खोटी नव्हती. "नदीला जमीन सोडायला आपण काय खोत लागून गेलो, भावजी? झाडी वाढली की डुकरं येतात. गेल्या वर्षी माझा सगळा सुरण उकरला. तुम्ही दोघं ऊद बघायला जाता, मी निस्तरते!"

पण याच वहिनींच्या न्हाणीचे पाणी पऱ्ह्यात जात नाही, केळींना आणि अळवाला जाते. आंब्याच्या फवारणीची टाकी पऱ्ह्यावर धुवायची नाही, वर काजूच्या माळावर धुवायची, हा नियमही त्यांचाच. एका मार्चमध्ये वरच्या अंगाला कोणीतरी ती पऱ्ह्यात विसळली होती आणि दुसऱ्या दिवशी कोंडावर मेलेल्या माशांचा थर आला होता. धार तुटलेली असली की वीष वाहूनही जात नाही. आणि जूनच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे शेतात शिरतात तेव्हा गाव बॅटऱ्या घेऊन धावतो, पण वहिनी पहिले काही दिवस घरात गाभोळी येऊ देत नाहीत. "बाळंतिणीला कोण मारतं?" एवढेच त्यांचे म्हणणे.

देवाच्या नावाने हे नियम आपल्याकडे जुनेच आहेत. महाड तालुक्यात काळ नदीवरच्या वाळणकोंडात वरदायिनीचे महसीर सुखाने फिरतात. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराचे मासेही तसेच. त्यांना कोणी धरत नाही. दादाला मी हे सांगितले तर तो म्हणाला, "देवाने एक-एक कोंड सांभाळला. उरलेली नदी कोणी सांभाळायची? ज्याचं घर काठावर आहे त्याने."

रात्री पडवीत बसून ठरवले ते असे. गोठ्याच्या कोपऱ्याला धोका खरा होता, तिथे सुक्या दगडांचा गडगा घालायचा. पंप वर न्यायचा. बाकी काठाची पंधरा हात रुंदीची पट्टी पऱ्ह्याला सोडायची आणि तिच्यात वाळुंज, करंज आणि मागे बांबू लावायचा. कोंडातला एकही धोंडा हलवायचा नाही. वहिनींच्या सुरणाला कुंपण मात्र आधी, आणि त्याचा खर्च माझा.

"आणि पुन्हा तसाच पूर आला तर?" मी विचारले.

"तर वाळुंजही जाईल आणि भिंतही जाईल," दादा म्हणाला. "वाळुंज फुकट परत लावता येतं."

ठेकेदाराला नाही म्हणून कळवले. दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा कोयता धरला आणि वाळुंजाच्या फांद्या तोडून त्यांचे खुंट ओल्या काठात ठोकले. निम्मे तिरके ठोकले. वहिनी वरून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, फक्त ताक पाठवले.

त्यानंतरचा हिशेब प्रामाणिकपणे सांगतो. पुढच्या पावसाळ्यांत आणखी तीन पोफळी गेल्या. एकदा डुकरांनी कुंपण मोडले. बरेच खुंट वाहून गेले आणि दादाने पुन्हा लावले. जे जगले ते आता माझ्या दुप्पट उंच आहेत आणि त्यांच्या मुळांपाशी गाळ अडून काठ थोडा थोडा भरू लागला आहे. कोंड एप्रिलमध्येही भरलेला असतो. ऊद रोज दिसत नाहीत, पण कातळावर खवले असतात.

सातबाऱ्यावर आमचे क्षेत्र होते तेवढेच आहे. पऱ्ह्याला दिलेली पट्टी तलाठ्याच्या दप्तरात आमचीच. तिचा सारा आम्ही दोघे भाऊ निम्मा निम्मा भरतो. माझा निम्मा मी न विसरता पाठवतो, आणि आंबे खायला हल्ली मे महिन्यात न जाता कार्तिकात जातो.