गिटारवाला बदलला, मग बँड तोच का?

इंदूरच्या माणसाला खाण्याबद्दल जितकी मतं असतात तितकीच गाण्याबद्दल. उस्ताद अमीर खाँ आमचे, लता मंगेशकर जन्मल्या त्या इथेच, आणि कुमार गंधर्व काय, देवास इथून तासाभराच्या वाटेवर, म्हणजे तेही आमचेच. घराण्यांवरून भांडणारी माणसं मी सासरी आल्यापासून पाहते आहे. पण आमच्या घरी गेली काही वर्षं जे भांडण चालतं ते ख्यालावरून नाही. ते आहे ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडवरून. आणि तेही एकाच मुद्द्यावर: सुस्मित सेन गेल्यानंतरचा बँड तोच म्हणायचा की दुसरा?

ज्यांनी हा बँड ऐकला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. 1990 मध्ये दिल्लीत सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनी तो सुरू केला. सुस्मितकडे गिटार, असीमकडे तबला आणि गळा. वर्षभरात राहुल राम बेस गिटार घेऊन आले, 1994 मध्ये अमित किलम ड्रमवर बसले. ही चौकडी पंधरा वर्षं टिकली. 2000 साली त्यांचा ‘कांदिसा’ आला आणि आमच्यासारख्या, रॉक म्हणजे नुसता गोंगाट समजणाऱ्या, घरांतही कॅसेट शिरली. त्यातलं शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. ‘हिल्ले ले’ गोरख पांडे यांचं भोजपुरी गाणं. आणि ‘मा रेवा’ म्हणजे आमच्या नर्मदामाईचं लोकगीत. एका कॅसेटमध्ये एवढा मुलूख! माझ्या सासूबाईंना त्यातलं काय आवडायचं तर शेवटचंच. बाकी गाणी लागली की त्या म्हणायच्या, “ते नदीचं लाव गं, हे राहू दे.”

मी या चौघांना एकदाच प्रत्यक्ष ऐकलं, इथल्याच एका कॉलेजच्या पटांगणात. माझ्या धाकट्या दिरांनी पास आणले होते. आमच्याकडे जेवणं दिवस मावळायच्या आत होतात, त्यामुळे आम्ही सगळ्यांच्या आधी जाऊन पुढची जागा धरून बसलो. गाणारा माणूस बसून तबला वाजवतो आहे आणि त्याच वेळी गातोही आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं. असीम चक्रवर्तींचा आवाज वर चढला की हाताचा ठेका सैल होईल असं वाटायचं, तो होत नसे. राहुल राम मोठे केस झटकत पोरांशी गप्पा मारत होते. अमित किलम मध्येच ड्रम सोडून बाउलांचं गबगुबी घेऊन उभे राहिले तेव्हा माझ्या शेजारची मुलं बाकांवर चढली.

आणि सुस्मित सेन? ते फार काही करताना दिसलेच नाहीत. मान खाली, नजर तारांवर. अकूस्टिक गिटार. सुरुवातीला दोन-तीन सुरांची एक ओळ, तीच परत, तीच परत, मग तिच्यात एक सूर जास्तीचा. आलापात गवई जसा एकेक सूर उघडत जातो तसं. गाणं कधी सुरू झालं ते कळतच नाही, कळतं तेव्हा चौघंही जोरात असतात. दीर त्या दिवशी घरी येताना स्कूटरवर एवढंच म्हणाले, “वहिनी, हा माणूस गिटार वाजवत नाही, वाट बघतो.”

2009 च्या 25 डिसेंबरला असीम चक्रवर्ती गेले. वय 52. पुढच्या वर्षी ‘16/330 खजूर रोड’ आला. दिल्लीच्या करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते सराव करत त्याचा तो पत्ता. दर महिन्याला एक गाणं, इंटरनेटवर फुकट. दीर महिनाभर थांबत आणि गाणं आलं की आम्हाला सगळ्यांना बसवून ऐकवत, कारण असीमचा आवाज त्यात अजून होता. हिमांशु जोशी आणि तुहिन चक्रवर्ती नंतर आले. तेवढं दिरांनी मान्य केलं. मृत्यूपुढे कुणाचं काय चालतं? पण 2013 मध्ये सुस्मित सेन स्वतःहून बाहेर पडले, त्यांच्या जागी निखिल राव आले, आणि तिथे दिरांचं मन अडकलं ते अडकलंच.

त्यांचं म्हणणं असं, की तबला आणि गळा गेल्यावर त्या बँडची एकच ओळख उरली होती, ती सुस्मितची गिटार. ती गेल्यावर उरलं ते नाव. निखिल राव इलेक्ट्रिक गिटार वाजवतात. तिचा सूर लांब टिकतो, ओढता येतो, चढवता येतो. दिरांना हेच खुपतं. “पहिल्या गिटारीत सूर विझायचा, म्हणून पुढचा लावावा लागायचा. त्यातच ती सगळी लय होती,” असं ते म्हणतात. हे मला पटतं. मी शिकलेली नाही, पण कान आहेत.

नंतरचा बँड ऐकायला आम्ही भाच्यालाही नेलं. तो स्वतः थोडी गिटार वाजवतो. निखिल रावांनी ‘कांदिसा’मध्ये जी लांब तान घेतली तेव्हा त्याने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. बाहेर आल्यावर मामाने सुरू केलं, हे नाही, ते नाही. भाचा शांतपणे म्हणाला, “मामी, मी सुस्मित सेनना कधी समोर ऐकलंच नाही. मला उणीव कशाची वाटणार? मला तर आज सगळं भरलेलंच दिसलं.” यावर दिरांकडे उत्तर नव्हतं. खरं तर कुणाकडेच नसावं.

हा वाद आपल्याकडचाच नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत जे सदर्न रॉक वाढलं, त्याचे रसिक पन्नास वर्षं हेच भांडत आहेत. लिनर्ड स्किनर्ड हा फ्लोरिडाचा बँड, तीन-तीन गिटारींसाठी प्रसिद्ध. 20 ऑक्टोबर 1977 ला त्यांचं विमान कोसळलं. गायक रॉनी व्हॅन झँट आणि गिटारवाले स्टीव्ह गेन्स त्यात गेले. दहा वर्षांनी बँड पुन्हा उभा राहिला, गायला रॉनीचा धाकटा भाऊ. 2023 च्या मार्चमध्ये गॅरी रॉसिंग्टन गेले आणि पहिल्या फळीतला शेवटचा माणूसही संपला, तरी बँड वाजवतोच आहे. ऑलमन ब्रदर्सचं उलट. त्यांचा ड्वेन ऑलमन 1971 मध्ये चोविसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा ते थांबले नाहीत. थांबले ते 2014 मध्ये, ठरवून, न्यूयॉर्कला शेवटचा कार्यक्रम करून. तो मध्यरात्रीनंतर संपला तेव्हा तारीख ड्वेनच्या मृत्यूचीच लागली होती, 29 ऑक्टोबर. आपल्या घराण्यांत याला वाद म्हणतच नाहीत. गुरू जातो, शिष्य गातो, ऐकणारा म्हणतो ‘आठवण करून दिलीस’ नाहीतर ‘कुठे ते आणि कुठे हे’, आणि उठून घरी जातो.

मी हे सगळं एका रविवारी आमच्या बैठकीत मांडलं. माझी एक मैत्रीणही त्या दिवशी आली होती. तिचं माहेर निमाडात, नर्मदेच्या काठावर. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “गिटारवाला कोण, याचं तुम्हाला इतकं लागतं. त्या गाण्यातली नदी बदलली, त्याचं कुणी बोलत नाही.”

कुणी काही बोललं नाही. तिचं गाव सरदार सरोवराच्या फुगवट्यात गेलं. 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, 2019 च्या पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत, म्हणजे पूर्ण पातळीला, चढलं. निसरपूर, चिखलदा ही नावं तेव्हा इंदूरच्या पेपरांत रोज येत होती. ‘मा रेवा’मध्ये रेवेच्या निर्मळ, खळाळत्या पाण्याचं कौतुक आहे. “वाहतं कुठे आता?” ती म्हणाली. “आमच्या घाटावर साचलंय. मी ते गाणं ऐकू शकत नाही. लग्नात लागलं तरी उठून जाते.”

राहुल राम यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएच.डी. केली आणि परत येऊन नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलं. बँडमध्ये ते नंतर आले. म्हणजे हे गाणं कुणी दिल्लीत बसून पुस्तकातून उचललेलं नाही. खोऱ्यातल्या माणसांबरोबर राहिलेल्या माणसाने ते मंचावर नेलं. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, “ठाऊक आहे मला. म्हणून तर राग त्यांच्यावर नाही.” मग कुणावर, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. समोर टीपॉयवर पाण्याचे पेले होते. इंदूरला नर्मदेचं पाणी येतं ते सत्तरेक किलोमीटरवरच्या जलूदहून, 1978 पासून. आमच्या घरातला प्रत्येक नळ तिचाच.

त्या दिवसापासून घरातला वाद थोडा निराळा झाला आहे. दीर अजून सुस्मितचेच आहेत, भाचा निखिलचा. पण भाच्याने मैत्रिणीकडे बसून तिच्या गावाबद्दल सगळं विचारून घेतलं: घाटाला पायऱ्या किती होत्या, नाव कुठे लागायची, कपास कुठल्या वाटेने बाजारात जायची. कशाला विचारतोस म्हटलं तर म्हणाला, “मामी, गाणं वाजवायचं तर नदी माहीत नको?”

बँड पुन्हा इंदूरला आला तर जायचं ठरलं आहे. मैत्रीणही येईन म्हणाली. ‘मा रेवा’ सुरू झालं की मी बाहेर जाऊन उभी राहीन, संपलं की आत येईन, असं तिने आधीच सांगून ठेवलंय. दिरांना मी म्हटलं, तिचंही तिकीट काढा, आणि कडेची खुर्ची घ्या.