छतामागचा तिरपा आधार

भूकंप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पडलेल्या भिंती येतात. १९९३ साली किल्लारीत दगडमातीची घरे कोसळली, ते कोण विसरेल? पण वाचकहो, इमारत उभी राहिली म्हणजे आतला माणूस वाचलाच, असे नसते. छताला काय टांगले आहे आणि ते कसे टांगले आहे, हेही पाहावे लागते.

आम्ही पेशाने कारकून. शिक्षण बी.कॉम., इंजिनीअर नव्हे. पण बांधकामाची बिले आमच्या टेबलावरून जातात आणि आमच्या वस्तीतली कितीतरी पोरे वायरमन आहेत. त्यांच्याकडूनच आम्ही हे समजून घेतले.

मोठ्या इमारतीत विजेच्या तारा लोखंडी कंड्युट पाइपांतून नेतात. चार-सहा पाइप एका आडव्या पट्टीवर ठेवून ती पट्टी दोन आटेवाल्या रॉडांनी स्लॅबला टांगतात. रॉड वजन पेलतो, आडवा हिसका पेलत नाही. जमीन हलली की सगळे पाळण्यासारखे झुलते, शेजारच्या पाइपांवर आदळते. रॉड मोडतो किंवा स्लॅबमधला बोल्ट उपटून येतो.

यावर उपाय म्हणजे पट्टीपासून स्लॅबपर्यंत साधारण ४५ अंशांत तिरपा आधार. काही पाइपांच्या आडव्या दिशेने, काही लांबीच्या दिशेने. लोखंडी अँगल ओढही घेतो, दाबही घेतो. म्हणून तो एका बाजूला पुरतो. पोलादी दोर फक्त ओढ घेतो; म्हणून तो दोन्ही बाजूंना हवा. हिसक्यात उभ्या रॉडवर खालून दाब येतो. लांब रॉड वाकू नये म्हणून त्याला अँगल बांधून ताठ करतात. इमारतीचे दोन भाग जोडतात तेथे लवचीक पाइप घालतात. आधार किती अंतरावर, हे वजन, मजला आणि भूकंपाचा विभाग पाहून इंजिनीअरने ठरवायचे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात ऑलिव्ह व्ह्यू नावाचे रुग्णालय १९७१ च्या भूकंपात मोडले. नवे भक्कम बांधले. १९९४ च्या भूकंपात ते ताठ उभे राहिले, पण आतले पाण्याचे पाइप फुटले आणि रुग्णांना बाहेर काढावे लागले. पाइप पाण्याचे होते. धडा विजेच्या पाइपांनाही तोच. वीज गेली तर ऑपरेशन कसे व्हायचे?

एकदा एका दवाखान्याच्या कामाचे बिल आमच्याकडे आले. नकाशात तिरपे आधार होते, बिलात एकही नव्हता. विचारले तर उत्तर मिळाले, "तुम्ही बेरीज बघा." आम्ही शेरा लिहून फाइल वर पाठवली. तोवर खाली सीलिंग लागून गेले होते. न दिसणारा खर्च पहिल्यांदा कापला जातो, तो असा.

म्हणून वायरमन पोरांनो, सीलिंग लागण्याआधी नकाशा मागा. आधार दाखवले असतील आणि साहित्य आले नसेल, तर सुपरवायझरला विचारा, लेखी विचारा. सरकारी दवाखान्याच्या खाटेवर आपलेच आईबाप असतात. त्यांच्या डोक्यावरचे काम तुमच्याच हातचे आहे.