केलगेरीच्या तळ्याकाठी

धारवाडहून गोव्याकडे जाणारा रस्ता धरला म्हणजे थोड्याच अंतरावर केलगेरीचे तळे लागते. येथून पूर्वेस नवलगुंदकडे काळी जमीन, पश्चिमेस अळणावरच्या रानाकडे तांबडी माती. दोन प्रदेशांच्या या उंबरठ्यावर आम्ही एका सकाळी उतरलो. भुईमूग, सोयाबीन, करडई ही या जिल्ह्याची तेलबियांची पिके. करडईच्या एका प्रसिद्ध वाणास येथील अण्णिगेरी गावाचेच नाव आहे.

शेतकऱ्याने आपल्याच शेतातील तेलावर पंप चालवावा काय, हा प्रश्न आमच्या मनात घोळत होता. कल्पना नवी नव्हे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविले होते. परंतु निव्वळ तेल फार दाट असते. म्हणून त्यात मिथेनॉल व थोडा कॉस्टिक सोडा मिसळतात. ग्लिसरीन तळाशी बसते व वर बायोडिझेल राहते. हे काम घरच्या चुलीजवळ कदापि करू नये. मिथेनॉल चटकन पेट घेते व पोटात गेल्यास दृष्टी आणि प्राणही हिरावून घेते.

आणि हिशेब? शंभर किलो शेंगांतून सुमारे सत्तर किलो दाणे व घाण्यावर सुमारे तीस लिटर तेल मिळते. बाजारात ते डिझेलहून महाग. शिवाय आपला देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून आणतो. असे तेल यंत्रात ओतणे म्हणजे ताटातील घास काढून घेणे होय.

बांधावरील एका वृद्ध शेतकऱ्यास आम्ही हे बोलून दाखविले. कानडी वळणाच्या मराठीत ते हसून म्हणाले, “अहो पाहुणे, शेंगांचं तेल पोटाला, होंगेचं दिव्याला. वडिलांनी असंच वाटून दिलंय.”

होंगे म्हणजे आपला करंज! त्याचे तेल कडू, खाण्यास अयोग्य. झाड बांधावर वाढते, त्याची मुळे जमिनीस नत्र देतात, पेंड खतास येते. चार किलो बियांतून साधारण एक किलो तेल निघते. विसाव्या शतकाच्या अखेरीस बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांच्या प्रयत्नाने कग्गनहळ्ळी येथे याच तेलावर जनित्रे चालली व शेतास पाणी मिळाले.

मात्र घाईने हुरळून जाऊ नये. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाचा पुरस्कार केला. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के मिश्रण करण्याचा संकल्प होता. तो सिद्धीस गेला नाही. उजाड माळावर रोपे जगली, तरी बी पुरेसे धरले नाही. करंजासही फळण्यास पाच-सहा वर्षे लागतात. तेव्हा उभे पीक मोडून तो लावू नये, रिकाम्या बांधावरच लावावा.

परतताना तळ्यावर ऊन चढले होते. शुभवर्तमानातील शहाण्या कुमारिकांनी दिव्याबरोबर तेलही घेतले होते, याची आम्हांस आठवण झाली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपणा सर्वांचे घर म्हटले. घर म्हटले की आधी लेकरांचे ताट, मग यंत्राची टाकी. वाचकहो, येत्या पावसाळ्यात आपल्या बांधावर करंजाची दोन रोपे अवश्य लावा. भुईमूग मात्र घरच्यांच्या मुखीच पडू द्या.