शनिवार ते शनिवारचे यजमान

फ्रान्समधल्या आल्प्समध्ये, बूर-सँ-मोरिस या गावाच्या डोक्यावर लेझ आर्क नावाचा स्कीइंगचा डोंगर आहे. तिथे आर्क 1800 या वसाहतीत यांचा मुक्काम असतो. उंची 1800 मीटर, म्हणजे पत्ता नावातच. पेशाने भाड्याचा फ्लॅट. छप्पर त्यांचं, स्वयंपाकपाणी तुमचं. मुलांना घेऊन पहिल्यांदाच बर्फात निघाला असाल तर यांच्याशी गाठ पडणारच. तेव्हा आधीच ओळख करून दिलेली बरी, कारण हे गृहस्थ मनाने चांगले असले तरी स्वतःबद्दल बोलताना शब्द फार जपून वापरतात.

यांना आकड्यांची भारी हौस. जाहिरातीत ऐटीत सांगतील, ‘दोन खोल्या, सहा माणसं.’ आता यांचा हिशेब बघा. आतल्या खोलीतल्या पलंगावर दोघं. बाहेरच्या खोलीत सोफा उघडला की त्यावर दोघं. आणि दारातून शिरल्या शिरल्या बोळात जो दुमजली पलंग लागतो, त्यावर उरलेले दोघं. झाले सहा! यात खोटं काहीच नाही. फक्त सोफा उघडला की जेवणाचं टेबल भिंतीला सरकवावं लागतं, आणि सरकवलेलं टेबल बाल्कनीच्या दारात येतं. सगळी मिळून जागा पंचवीस-तीस चौरस मीटर. सहा जण झोपतात मजेत. सहाही जणांनी एकदम उठून कपडे घालायचे ठरवले की पंचाईत होते. म्हणून जाणती मंडळी यांनी सांगितलेल्या आकड्यातून दोन वजा करतात. चौघांचं कुटुंब ‘सहा जणांच्या’ फ्लॅटमध्ये सुखाने राहतं. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत लहानपण काढलेल्या आजी सोबत असतील, तर त्यांना यात वेगळं काही वाटत नाही. रात्री गाद्या घालायच्या, सकाळी गुंडाळायच्या, एवढंच.

बोळातला तो दुमजली पलंग म्हणजे यांचा हुकमाचा पत्ता. तिथे खिडकी नसते. मोठ्या माणसाला तिथे जीव घुसमटल्यासारखं होतं, पण मुलांना ती जागा पाहताक्षणी आवडते. पाच मिनिटांत तिथे गुहा, जहाज आणि किल्ला एकदमच तयार होतात. शिवाय अंधार असल्यामुळे पोरं लवकर झोपतात, हा आईबापांचा फायदा. मात्र दोन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. बोळाला दार आहे की नुसता पडदा? पडदा असेल तर रात्री बाथरूमला जाणारा प्रत्येक जण मुलांच्या उशाशेजारून चवड्यांवर जाणार. दुसरं म्हणजे वरचा पलंग सहा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही. फ्रान्समध्ये तसा नियम आहे आणि पलंगावर तशी सूचनाही लावलेली असते. तुमची दोन्ही मुलं सहाच्या आतली असतील, तर यांच्या सहातला आणखी एक गळाला.

घराण्याचा अभिमान मात्र यांना आहे, आणि तो अगदीच अनाठायी नाही. या वसाहतीच्या रचनेत शार्लोत पेरियां या मोठ्या वास्तुरचनाकार बाईंचा हात होता. ल कॉर्ब्युझिए आणि पिएर जॅनरे यांच्या स्टुडिओत त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. त्याच दोघांनी पुढे आपल्याकडे चंडीगड उभारलं. आर्क 1600 सुरू झालं 1968 मध्ये, आर्क 1800 आलं 1974 मध्ये. डोंगरावर बांधकामाचे महिने थोडे आणि मजुरांचे हाल फार, म्हणून अख्खी बाथरूम कारखान्यात साच्यातून काढून वर आणायची आणि इमारतीत बसवायची, अशी शक्कल तेव्हा इथे लढवली गेली. जुन्या वळणाच्या एखाद्या फ्लॅटमध्ये ती अजून भेटते: भिंत, बेसिन, टब सगळं एकसंध, कोपरे गोल, सांधा कुठेच नाही. पोरांनी टबात कितीही धुमाकूळ घातला तरी पाणी मुरायला जागा नाही. बऱ्याच भावंडांनी आता नवं लाकूड लावून, नवे दिवे टांगून रूप पालटलं आहे. पण पेरियांबाईंचं नाव निघालं की तीही लगेच नातं सांगतात.

बाईंची दुसरी देणगी म्हणजे स्वयंपाकघर. रांधणाऱ्या माणसाला भिंतीआड कोंडू नये, हा त्यांचा आग्रह. त्यामुळे ओटा बैठकीच्या खोलीतच, मध्ये फार तर एक बुटका कट्टा. कल्पना उत्तम, फक्त फोडणी घातली की ठसका सोफ्यावर झोपलेल्यालाही लागतो.

स्वयंपाकाच्या बाबतीत हे यजमान भलतेच एककल्ली आहेत. शेगड्या दोन. फ्रिज कमरेएवढा. मीठ, तेल, भांडी घासायचा साबण यांची अपेक्षाच ठेवू नका. पण राक्लेतचं यंत्र मात्र हमखास! बटाट्यावर चीज वितळवून खायचं ते यंत्र कपाटात अग्रपूजेच्या जागी बसलेलं असतं. एखाद्या संध्याकाळी तेही करून पाहावं; जवळच्याच डोंगरांतलं बोफोर चीज आणि क्रोझे नावाचा बारीक चौकोनी पास्ता मुलं मिटक्या मारत खातात.

तुमचं वरण मात्र इथे रुसतं. 1800 मीटरवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी शंभराऐवजी सुमारे 94 अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर नुसती नाचत राहते, शिजत नाही. म्हणून लंडन-पॅरिसकडून येणाऱ्या मराठी घरांच्या बॅगेत स्कीच्या हातमोज्यांखाली कुकर सापडतो. तिथेही यजमानांची एक खोड आड येते. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर ती ओळखतच नाही. तुम्ही बटण दाबत राहता, ती टीं-टीं करत बंद होत राहते. निघण्यापूर्वी घरच्या फ्रिजवरचा लोहचुंबक कुकरच्या तळाला लावून बघावा. चिकटला तर कुकर न्यावा. नाही तर मसूर डाळीवर आठवडा काढावा. ती लवकर शिजते आणि फ्रान्सच्या दुकानांत मिळतेही.

आता यांच्या सर्वांत आवडत्या वाक्याकडे वळू: ‘स्की पायात घालूनच दाराबाहेर पडा.’ हे वाक्य ते छातीठोकपणे बोलतात, आणि ज्याला स्की करता येतं त्याच्यापुरतं ते खरंही असतं. पण दाराशी बर्फाचा उतार असणं वेगळं आणि तो उतार तुमच्या पोराला जमणं वेगळं. इथे उतारांना रंग असतात: हिरवा सर्वांत सोपा, मग निळा, मग लाल, शेवटी काळा. दारातला उतार निळा असेल आणि तुमचं लेकरू अजून सरकत्या पट्ट्यावर उभं राहायला शिकत असेल, तर ते त्या उतारावरून घरी येणार नाही. तुमच्या कडेवरून येईल.

खरं अंतर मोजायचं ते दारापासून लिफ्टपर्यंत नव्हे, दारापासून मुलांच्या स्कीच्या शाळेपर्यंत. फ्रान्समधल्या ईएसएफ या स्की शिकवणाऱ्या संस्थेचे लाल जाकिटातले शिक्षक साधारण तीन वर्षांपासूनच्या मुलांना ‘पियू-पियू’ वर्गात घेतात. सकाळी नऊच्या सुमारास हे दृश्य पाहावं. कडक प्लास्टिकच्या बुटांत पाय अडकवलेलं चार वर्षांचं पोर दोन्ही पाय फाकवून, एकेक पाऊल विचारपूर्वक टाकत चाललं आहे. मागे बाबा, एका खांद्यावर स्वतःची स्की, दुसऱ्या खांद्यावर मुलाची, बगलेत काठ्या, दातांत हातमोजा. आई पुढे, हातात हेल्मेट, तोंडाने ‘चल, चल, चल.’ सपाट रस्त्यावर जे अंतर पाच मिनिटांचं असतं, ते या मिरवणुकीला वीस मिनिटांचं होतं; आणि मधेच ‘शू लागली’ म्हटलं की मिरवणूक परत फिरते. आर्क 1800 मध्ये शार्वे, व्हिलार, शार्मेतोजे अशा वाड्या आहेत. कुठल्या वाडीत राहायचं हे फोटोतला सोफा पाहून नव्हे, शाळा कुठे भरते ते पाहून ठरवावं. आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: चढ सकाळी लागतो की दुपारी? सकाळी ताजंतवानं पोर चढ चढतं. धडा संपल्यावर ते तिथेच बसकण मारतं.

यांचा स्वभाव सर्वांत जास्त कळतो तो शनिवारी. सुट्टीच्या हंगामात हे बहुधा शनिवार ते शनिवारच पाहुणे घेतात. मधल्या वारी आलात तर ओळख दाखवत नाहीत. सकाळी दहाच्या आसपास जुन्यांना बाहेर काढायचं, दुपारी चार-पाचला नव्यांना आत घ्यायचं, आणि मधल्या वेळात साऱ्या डोंगराने रस्त्यावर बसायचं. आल्बेरव्हिल ते मूतिए हा रस्ता त्या दिवशी मुंगीच्या पावलांनी चालतो. रेल्वेने बूर-सँ-मोरिसला उतरणारे शहाणे: तिथून फ्युनिक्युलर, म्हणजे डोंगर चढणारी रेल्वे, सात मिनिटांत आर्क 1600 ला पोचवते, पुढे बस आहेच.

देण्याघेण्यात यजमान चोख. चादरी-टॉवेल बहुतेक वेळा वेगळे मागवावे लागतात, अनामत रक्कम आधी लागते, आणि भिंतीवर सामानाची यादी असते: चमचे इतके, काटे इतके, वाइनचे ग्लास इतके. निघताना सफाई तुम्ही करायची किंवा पैसे मोजायचे. पैसे मोजले तरी ओटा आणि कचरा बहुधा तुमच्याच वाट्याला. एका बाबतीत मात्र मुलांवर यांची माया आहे. मुक्कामाचा जो स्थानिक कर भरावा लागतो, तो अठरा वर्षांखालच्यांना माफ.

फेब्रुवारी आला की हे गृहस्थ ओळखूच येत नाहीत. फ्रान्सने शाळांच्या हिवाळी सुट्टीसाठी देशाचे तीन विभाग केले आहेत. प्रत्येकाला दोन आठवडे, पण मागेपुढे. म्हणजे जवळजवळ महिनाभर कुठली ना कुठली पोरं सुट्टीवरच. त्यातच इंग्लंडच्या शाळांचीही आठवड्याची सुट्टी येऊन पडते. मग आमचे यजमान असा काही भाव खातात की विचारू नका. जानेवारीच्या मध्याला हेच गृहस्थ निम्म्या गर्दीत, नरम आवाजात, ‘या ना, या’ म्हणत दारात उभे असतात. तुमची मुलं अजून शाळेत जात नसतील तर यजमानांना तेव्हाच गाठावं. एकदा मुलं शाळेत गेली की त्यांचं वेळापत्रक तुमच्या हातात नसतं, आणि हे यजमानांना पक्कं ठाऊक आहे.

छातीवर तारे लावून मिरवण्याची सवयही आहे. एकपासून पाचपर्यंत हे तारे सरकारी नियमांनीच मिळतात, पण मुख्यतः जागा, सामान आणि सोयी पाहून. चार तारेवाल्याकडे कॉफीचं यंत्र झकास असेल. शाळा मात्र डोंगराच्या पलीकडच्या टोकाला असू शकते. फ्रान्समध्ये कुटुंबांना सांभाळून घेणाऱ्या गावांना ‘फामिय प्ल्युस’ नावाचं मानांकन देतात. त्यावरून गाव कसं आहे ते कळतं, घर कसं आहे ते विचारूनच घ्यावं लागतं. बाळासाठी उंच खुर्ची आहे का, पाळणा आहे का, ओले बूट ठेवायला तळघरात कपाट आहे का, आणि खिडकीतून माँ ब्लाँ दिसतो की गाड्यांचा तळ.

संध्याकाळी यांचं खरं रूप उघडं पडतं. चार जणांचे ओले मोजे, टोप्या, हातमोजे रेडिएटरवर वाळत पडलेले असतात आणि खोलीभर ओल्या लोकरीचा दमट वास. शेजारच्या फ्लॅटमधलं पोर रडलं की तुमचं जागं होतं, भिंती पातळ. पण तुमचं रडलं तरी कुणी दार वाजवत नाही, कारण या मजल्यावर प्रत्येकाच्या घरी एक रडणारं आहेच. हॉटेलात आठची जेवणाची वेळ साधायला सहाला पेंगणाऱ्या मुलाला जागं ठेवावं लागतं. इथे सहाला वरणभात, साडेसहाला झोप. दुपारी साडेअकराला धडा संपतो, बाराला डोंगरावरच्या हॉटेलांत रांगा लागतात, तेव्हा तुमचं पोर बूट काढून, अर्ध्या चड्डीवर, घरच्यासारखं जेवत बसलेलं असतं. तिसऱ्या दिवशी ‘मला नाही जायचं स्कीला’ म्हणून त्याने भोकाड पसरलं तर ते खुशाल घरी राहू शकतं. यजमान वाईट वाटून घेत नाहीत.

म्हणून यांच्या बढाया कानाआड कराव्यात आणि यांच्या घरी जावं. जागेचा आकडा दोनने कमी धरावा, शाळेचं अंतर चौपट धरावं, कुकरचा तळ तपासावा, आणि वरच्या पलंगावर कुणी कुठल्या रात्री झोपायचं याच्या पाळ्या घरूनच लिहून न्याव्यात. बाकी सगळं हे सांभाळून घेतात. त्या एका भांडणात मात्र पडत नाहीत.