गुरुत्वाकर्षणाशी हाडवैर

कुणाचे वैर भाऊबंदांशी असते, कुणाचे सावकाराशी, कुणाचे नशिबाशी. रॉजर बॅबसन या अमेरिकी गृहस्थाचे वैर थेट गुरुत्वाकर्षणाशी होते. त्याची बहीण नदीत बुडून गेली आणि पुढे १९४७ मध्ये नातूही पाण्यातच गेला. एखाद्याने पाण्याला बोल लावला असता, एखाद्याने दैवाला. बॅबसनने तो लावला बुडत्याला तळाशी ओढून नेणाऱ्या शक्तीला. १९४८ मध्ये लेख लिहून त्याने तिला चक्क माणसाचा पहिल्या नंबरचा शत्रू ठरवून टाकले.

गृहस्थ वेडगळ नव्हता. शेअरबाजाराचे आकडे मांडून त्याने गडगंज पैसा कमावला होता आणि १९२९ च्या सप्टेंबरात, बाजार कोसळण्याच्या काही आठवडे आधी, पडझड येणार म्हणून जाहीर इशाराही दिला होता. जेवढी क्रिया तेवढी प्रतिक्रिया हा न्यूटनचा नियम तो बाजाराच्या चढउतारांना लावत असे. त्याची बायको न्यूटनची पुस्तके जमवायची. या दांपत्याच्या न्यूटनभक्तीची मजल अशी की, न्यूटनच्या लंडनमधल्या घरातली एक खोली अमेरिकेत आणून बॅबसनच्या कॉलेजात पुन्हा उभी करण्यात आली.

तर या बॅबसनने गुरुत्वाकर्षणाचा बंदोबस्त करण्यासाठी एक प्रतिष्ठान काढले आणि निबंधस्पर्धा जाहीर केली. पहिले बक्षीस हजार डॉलर. विजेच्या तारेवर जसे रबर चढवतात तसे गुरुत्वाकर्षणाला अडवणारे काहीतरी सापडावे, ही त्याची आस होती. कल्पना नवी नव्हती. एच. जी. वेल्सने १९०१ च्या कादंबरीत असाच एक पदार्थ बनवून आपली माणसे चंद्रावर धाडली होती.

वीज अडवता येते, कारण विद्युतभार दोन जातींचे असतात. धन आणि ऋण एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात, म्हणून धातूच्या बंद पेटीत बाहेरचे विद्युतक्षेत्र शिरत नाही. वस्तुमानाला अशी दुसरी जातच नाही. जे आहे ते सगळे ओढणारेच. मध्ये शिशाची भिंत बांधा की सोन्याची, भिंतीचे स्वतःचे आकर्षण तेवढे हिशेबात वाढते. १९५३ मध्ये ब्राइस डेविट या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला घरासाठी पैशांची नड होती. असला अडसर शोधणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे, असे त्याने बॅबसनच्याच स्पर्धेत लिहून पाठवले. पहिले बक्षीस त्याला मिळाले.

मग अंतराळवीर तरंगतात ते कसे? ते गुरुत्वाकर्षणाच्या पलीकडे गेलेत, असा समज घरोघरी आहे. प्रत्यक्षात अंतराळस्थानक जमिनीपासून जेमतेम चारशे किलोमीटरवर फिरते, आणि तिथे पृथ्वीची ओढ इथल्या नव्वद टक्क्यांच्या आसपास शाबूत असते. स्थानक अखंड पडतच असते. पण पडता पडता सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने ते पुढेही सरकते, आणि गोल पृथ्वी त्याच्याखालून तेवढीच वळत जाते. सुमारे दीड तासात एक फेरी पुरी होते. जमीन काही हाती लागत नाही. आतली माणसे, त्यांचे पेन, पाण्याचे थेंब, सगळेच बरोबरीने पडत असल्यामुळे कुणीच कुणावर दाबत नाही.

घराच्या छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचे वजन जाणवणार नाही, हे १९०७ मध्ये आइन्स्टाइनच्या ध्यानात आले. तो विचार त्याला आयुष्यातला सर्वांत सुखाचा वाटला आणि सापेक्षतेच्या व्यापक सिद्धांताची वाट तिथून निघाली. आपण ज्याला वजन म्हणतो तो खरे तर जमिनीने आपल्याला वर दिलेला रेटा असतो. जत्रेतल्या आकाशपाळण्यात वरून खाली येताना हा रेटा क्षणभर सैल पडतो आणि पोटात गोळा उठतो.

जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात हा गोळा शास्त्रशुद्ध उठवण्यासाठी १४६ मीटर उंच मनोरा बांधला आहे. आतल्या नळीतली हवा उपसून काढतात आणि उपकरणांनी भरलेली कुपी वरून सोडून देतात. एकशेदहा मीटर पडायला तिला पावणेपाच सेकंदही लागत नाहीत. खाली थर्मोकोलच्या मण्यांनी भरलेली टाकी तिला झेलते. पण एवढ्याशा वेळात ज्वलनाचेही प्रयोग होतात. एरवी मेणबत्तीची ज्योत निमुळती असते, कारण तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि ज्योतीला ताणते. पडत्या कुपीत वर आणि खाली उरतच नाही. ज्योत आखडते, गोल होते, तिचा पिवळा रंग जातो आणि वातीभोवती निळसर घुमट तेवढा राहतो.

अधिक काळ पडत राहण्याची किंमत शरीर मोजते. अंतराळात भार पेलावा लागत नाही म्हणून खुब्याचे हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजते. रक्त आणि पाणी डोक्याकडे सरकून चेहरा सुजतो, पाय काटकुळे होतात. म्हणून तिथला माणूस रोज दोनेक तास व्यायाम करतो. धावण्याच्या पट्ट्यावर स्वतःला ताणपट्ट्यांनी खाली बांधून घेतो, म्हणजे पाय टेकतात आणि हाडांना दणके बसतात. ज्या ओझ्यातून सुटला, तेच विकत आणलेले!

तरी आशा चिवट असते. १९९० च्या दशकात फिनलंडमधल्या एका प्रयोगात फिरत्या अतिवाहक तबकडीवरच्या वस्तूंचे वजन किंचित घटल्याचा दावा झाला. पुढे कुणालाही तो खात्रीने सिद्ध करता आला नाही. १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये आंद्रे गाइम यांनी प्रचंड चुंबकीय क्षेत्रात जिवंत बेडूक हवेत तरंगवला, पण तिथे गुरुत्वाकर्षण जागच्या जागी होते, चुंबक फक्त त्याच्याशी बरोबरी करत होता. शेवटची मदार होती प्रतिद्रव्यावर. ते कदाचित वर पडेल, असे काहींना वाटे. सर्नमधल्या शास्त्रज्ञांनी प्रतिहायड्रोजनचे अणू सापळ्यात धरून सोडले आणि २०२३ मध्ये निकाल जाहीर केला. तेही खालीच पडते.

बॅबसनची स्पर्धा मात्र टिकली. शत्रूचा नायनाट बाजूला पडला आणि त्याला ओळखण्याचे काम सुरू झाले. १९७१ चे पहिले बक्षीस स्टीफन हॉकिंग यांना कृष्णविवरांवरच्या निबंधासाठी मिळाले, तर २००८ चे पुण्याच्या ‘आयुका’तल्या थाणू पद्मनाभन यांना.

१९६० च्या दशकात बॅबसनने अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना देणग्या दिल्या आणि आवारांत शिळा बसवल्या. गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थ सापडेल तेव्हा केवढे भले होईल, याची विद्यार्थ्यांना आठवण राहावी असे त्यांवर कोरले आहे. कोल्बी कॉलेजातली शिळा विद्यार्थी वरचेवर आडवी पाडत. टफ्ट्स विद्यापीठात विश्वरचनाशास्त्रात पीएचडी मिळवणारा विद्यार्थी शिळेपुढे गुडघे टेकून बसतो आणि मार्गदर्शक प्राध्यापक त्याच्या डोक्यावर एक सफरचंद सोडतात.